‘डॉक्युमेंटेशन तेवढं अपडेट करून टाक’ म्हणणाऱ्या सहकाऱ्यांना खुले पत्र

डेव्हलपर, टेस्टर, सपोर्टमधली मंडळी, प्रॉडक्ट मॅनेजर आणि या सगळ्यांचं वेळापत्रक ठरवणारे वरिष्ठ,

सप्रेम नमस्कार.

मी टेक्निकल रायटर आहे. तुम्ही बनवलेलं सॉफ्टवेअर कसं बसवायचं, कसं वापरायचं आणि अडलं तर काय करायचं, हे लिहून देणं माझं काम. इन्स्टॉलेशन गाइड, एपीआय रेफरन्स, रिलीज नोट्स, एरर मेसेजची यादी हा माझा माल. रिलीजच्या आदल्या आठवड्यापर्यंत त्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. ग्राहकाचा पहिला चिडलेला फोन आला की मात्र सगळ्यांना त्यातली नेमकी ओळ हवी असते.

हे पत्र कुठल्या एका टीमला उद्देशून नाही. या पेशातल्या इतरांशी बोललं की कळतं, माणसं बदलतात, टूल्स बदलतात, गाऱ्हाणं तेच. म्हणून एकदाचं उघडपणे मांडते. डॉक्युमेंट कसं उतरणार हे लिहिणाऱ्याच्या भाषेवर जेवढं ठरतं, त्याहून कितीतरी जास्त तुमच्याकडून मिळणाऱ्या उत्तरांवर ठरतं. कुठलंही मॅन्युअल उघडा आणि त्यातली गुळमुळीत वाक्यं शोधा. ‘आवश्यकतेनुसार मूल्य निवडा.’ ‘योग्य त्या परवानग्या द्या.’ ‘अधिक माहितीसाठी अ‍ॅडमिनिस्ट्रेटरशी संपर्क साधा.’ (ते मॅन्युअल वाचणारा स्वतःच अ‍ॅडमिनिस्ट्रेटर असतो, हा भाग वेगळा.) रायटर आळशी आहे म्हणून अशी वाक्यं जन्माला येत नाहीत. विचारलेल्या प्रश्नाला उत्तर आलेलं नसतं, तारीख येऊन ठेपलेली असते आणि पान कोरं सोडता येत नाही, तेव्हा ती येतात. ग्राहकाला दिसतं ते वाक्य. त्यामागचा अनुत्तरित मेसेज त्याला दिसत नाही.

एक अगदी साधा नमुना घ्या. कॉन्फिगरेशन फाइलमध्ये एक नवा पॅरामीटर आला. टिकेटमध्ये, म्हणजे त्या कामाच्या नोंदीत, लिहिलंय: ‘टाइमआउट (किती वेळ थांबायचं ती मर्यादा) पॅरामीटर जोडला. डीफॉल्ट ३०.’ बस. डेव्हलपरच्या मते यात सगळं आलं. कोड त्यानेच लिहिलाय, त्यामुळे ३० म्हणजे काय हे त्याला विचारावं लागत नाही. मला मात्र लागतं. ३० सेकंद की मिलिसेकंद? हा वेळ कनेक्शन जुळेपर्यंतचा, की पूर्ण उत्तर येईपर्यंतचा? वेळ संपल्यावर प्रोग्राम पुन्हा प्रयत्न करतो की सरळ एरर देतो? मूल्य बदललं तर सर्व्हिस रीस्टार्ट करावी लागते का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, शून्य टाकलं तर काय होतं?

हा शेवटचा प्रश्न विचारला की समोरचा हमखास हसतो. ‘शून्य कोण टाकणार?’ टाकतात हो, रोज टाकतात. आणि शून्याचा अर्थ सगळीकडे सारखा नसतो. कर्ल या नेटवर्कवरून डेटा आणणाऱ्या टूलमध्ये एकूण वेळेच्या मर्यादेला शून्य दिलं तर मर्यादाच राहत नाही, तो वाट बघत बसतो. जावा भाषेतल्या सॉकेटमध्ये, म्हणजे नेटवर्क जोडणीत, वाचनाच्या टाइमआउटला शून्य दिलं तरी तेच, अनंतकाळ थांबणं. लिनक्सच्या ‘पोल’ला, म्हणजे डेटा येण्याची वाट बघणाऱ्या फंक्शनला, मात्र शून्य दिलं की तो क्षणभरही न थांबता परत येतो, आणि अमर्याद थांबवायचं असेल तर ऋण संख्या द्यावी लागते. म्हणजे एकाच आकड्याचे दोन टोकाचे अर्थ, आणि दोन्ही आपापल्या जागी बरोबर. तुमच्या पॅरामीटरचा शून्य यातला कुठला, हे मी अंदाजाने लिहायचं का? कोड वाचून बऱ्याचदा कळतं, आणि मी वाचतेही. पण कोड मला आज काय होतं तेवढं सांगतो. ते मुद्दाम तसं ठेवलंय की नजरचुकीने राहिलंय, पुढच्या व्हर्जनमध्ये तसंच राहणार आहे की नाही, हे कोडमध्ये लिहिलेलं नसतं. ते तुमच्या डोक्यात असतं.

हल्ली यावर एक तयार उत्तर मिळतं: ‘एआयला सांग ना, कोड दे, तो लिहून देईल.’ देतो. मीही वापरते. वाक्यरचना सफाईदार असते आणि पहिला ड्राफ्ट हातासरशी तयार होतो. पण डोक्यातलं डोक्यातच राहिलं तर त्यालाही ते कुठून मिळणार? फरक इतकाच की मी अडले की तुम्हाला विचारते. तो न विचारता ठोकून देतो, आणि तेही छातीठोकपणे. सफाईदार वाक्यातली चूक रिव्ह्यूमध्ये पटकन सापडत नाही, हे ज्याने असे ड्राफ्ट तपासलेत त्याला ठाऊक आहे.

एरर कोडचं तर भिजत घोंगडं आहे. दर रिलीजला नवे कोड येतात आणि त्यांची यादी मला स्वतः उकरून काढावी लागते. अर्थ विचारला तर ‘ती इंटर्नल एरर आहे, युझरला कधी दिसणार नाही’ हे उत्तर पाचवीला पुजलेलं. दिसत नाही म्हणता ती एरर सपोर्टच्या टिकेटांमध्ये स्क्रीनशॉटसकट येते.

ही गोष्ट किती गंभीर होऊ शकते, ते थेराक-२५ या रेडिएशन उपचाराच्या यंत्राच्या चौकशीतून जगाला कळलेलं आहे. १९८५ ते १९८७ या काळात त्या यंत्राकडून सहा रुग्णांना प्रमाणाबाहेर रेडिएशन मिळालं आणि त्यातले काही दगावले. मूळ दोष सॉफ्टवेअरमध्ये होता. जुन्या मॉडेलमध्ये असलेली हार्डवेअरची सुरक्षाव्यवस्था या मॉडेलमधून काढून टाकलेली होती, तेही कारण होतंच. पण माझ्यासारखीला अस्वस्थ करणारा तपशील वेगळा आहे. ऑपरेटरच्या स्क्रीनवर ‘मालफंक्शन ५४’ एवढंच उमटलं होतं. ऑपरेटरला दिलेल्या मॅन्युअलमध्ये या मालफंक्शन कोडचं स्पष्टीकरणच नव्हतं. दुसऱ्या एका तांत्रिक कागदात ५४ चा अर्थ ‘डोस इनपुट २’ असा दिला होता, म्हणजे न दिल्यासारखाच. त्याचा अर्थ डोस जास्त गेला किंवा कमी गेला असा होता, हे कंपनीच्या माणसांना माहीत होतं. ते यंत्र दिवसभरात असे कितीतरी संदेश दाखवी, आणि एक बटण दाबलं की उपचार पुढे चालू होई. ज्या कोडचा अर्थच कुणी सांगितलेला नाही, तो बघून ऑपरेटर दुसरं काय करणार? तिने बटण दाबलं.

आपल्यापैकी बहुतेकांच्या सॉफ्टवेअरमुळे कुणाचा जीव जात नाही. पण तो कोड लिहिणारा, यंत्र तपासणारा, मॅन्युअल लिहिणारा आणि यंत्रापुढे बसलेला, यांच्यामध्ये जे अंतर पडलं होतं ते आपल्याकडेही अगदी तसंच आहे. आपल्याकडे त्यातून एखाद्या अ‍ॅडमिनची रात्र वाया जाते, किंवा ग्राहक तुमचं प्रॉडक्ट सोडून जातो, इतकंच. म्हणून डेव्हलपरना कळकळीची विनंती: नवा एरर कोड जोडाल त्याच वेळी दोन ओळी लिहा. हे केव्हा होतं आणि समोरच्याने काय करायचं. मोडकीतोडकी भाषा चालेल. ती सुधारायला मी बसलेय.

दुसरी गोष्ट ‘का’ची. तुम्ही मला ‘काय’ सांगता, क्वचित ‘कसं’ही सांगता, पण ‘का’ सांगायची वेळ आली की मीटिंग संपलेली असते. एका वेळी दहाहून जास्त फाइल अपलोड करता येत नाहीत, हे मी लिहू शकते. पण ही मर्यादा मेमरीमुळे आहे की लायसन्समुळे, हे कळलं नाही तर वाचणाऱ्याला पुढचा रस्ता दाखवता येत नाही. मेमरीमुळे असेल तर मोठ्या सर्व्हरवर ती वाढवून चालेल. लायसन्समुळे असेल तर सेल्सशी बोलावं लागेल. वाक्य एकच, पण त्याच्या पुढचं वाक्य ‘का’वर अवलंबून.

न लिहिलेला ‘का’ केवढ्याला पडतो याचा दाखला म्हणजे ४ जून १९९६ रोजी कोसळलेलं एरियन-५ हे रॉकेट. पहिलंच उड्डाण, आणि उड्डाणाची प्रक्रिया सुरू झाल्यावर जेमतेम ४० सेकंदांत रॉकेट भरकटून फुटलं. दिशादर्शक यंत्रणेचं सॉफ्टवेअर जुन्या एरियन-४ वरून जसंच्या तसं घेतलं होतं. त्यात ६४ बिटांची एक दशांश संख्या १६ बिटांच्या पूर्णांकात बसवायचा प्रयत्न झाला. संख्या मोठी निघाली, बसली नाही, आणि मुख्य व राखीव अशा दोन्ही यंत्रणा बंद पडल्या. इथवरची कथा बऱ्याच प्रोग्रामरांना तोंडपाठ असते. त्यापुढचा भाग कमी सांगितला जातो. असा धोका असलेली सात मूल्यं टीमला आधीच माहीत होती. प्रोसेसरवरचा भार ८० टक्क्यांच्या वर जाऊ द्यायचा नाही असं ठरलेलं होतं, म्हणून त्यातल्या चारच मूल्यांना संरक्षण दिलं गेलं आणि तीन उघडी ठेवली गेली. ती वाढणार नाहीत असं गृहीत धरलं होतं, आणि एरियन-४ च्या मार्गापुरतं ते रास्तही होतं. पण हे कारण कोडमध्ये नोंदवलेलं नव्हतं. चौकशी समितीच्या म्हणण्याप्रमाणे, निर्णय सर्वसंमतीने झाला असला तरी त्यामागचं गृहीतक कागदपत्रांच्या ढिगाऱ्यात असं दडून गेलं की बाहेरून तपासणाऱ्याच्या नजरेस पडू नये. मुद्दाम दडवलं नव्हतं, हेही समितीने आवर्जून म्हटलं. नवं रॉकेट वेगळ्या मार्गाने उडणार होतं, आणि तो मार्ग त्या यंत्रणेच्या स्पेसिफिकेशनमध्ये घालायचा नाही हेही सगळ्यांनी मिळूनच ठरवलं होतं.

समितीच्या शिफारशींमधली एक मी मनात जपून ठेवली आहे: निर्णयांची कारणं देणाऱ्या कागदांकडे कोडइतकंच लक्ष द्या. मी हे म्हटलं तर ‘रायटर लोकांचं नेहमीचं’ म्हणून सोडून दिलं जातं. त्यांनी म्हटलं ते एक रॉकेट गमावल्यावर.

आता रिव्ह्यू. या विषयावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण सहकार्य आहे की नाही ते सगळ्यात स्वच्छ इथेच दिसतं.

मी ड्राफ्ट पाठवते, आठवडाभराची मुदत देते. पहिले काही दिवस शांतता. मग आठवण करते. मुदतीच्या दिवशी संध्याकाळी तीन प्रकारची उत्तरं येतात. पहिलं, ‘ठीक वाटतंय’, आणि हे ड्राफ्ट उघडल्यापासून मिनिटभरात आलेलं. चाळीस पानं मिनिटभरात वाचणाऱ्याबद्दल मला आदरच आहे. दुसरं, स्वल्पविरामांच्या दुरुस्त्या. कुणी ‘क्लिक करा’ खोडून ‘दाबा’ करतो, दुसरा ‘दाबा’ खोडून ‘निवडा’ करतो, आणि दोघांपैकी एकाच्याही लक्षात येत नाही की त्या पायरीवर जे बटण दाबायला सांगितलंय ते मागच्याच आठवड्यात स्क्रीनवरून काढून टाकलंय. भाषेची काळजी घ्यायला मी आहे, कंपनीच्या लेखनशैलीचे नियमही ठरलेले आहेत. मला तुमची नजर हवी ती वेगळ्या गोष्टीसाठी. तिसरं उत्तर म्हणजे ‘हे चुकीचं आहे’. एवढंच. काय चुकीचं, बरोबर काय, हे विचारायला गेलं की माणूस सुट्टीवर.

चांगला शेरा कसा असतो? एक लक्षात राहिलेला आहे. बॅकअपच्या प्रकरणात मी लिहिलं होतं: आधी सर्व्हिस थांबवा, मग डेटाबेसची प्रत घ्या, मग सर्व्हिस सुरू करा. एका डेव्हलपरने शेजारी लिहिलं: ‘क्रम बरोबर. पण सर्व्हिस थांबवल्यावर मागे रांगेत पडलेली कामं संपायला वेळ लागतो. ती संपण्याआधी प्रत घेतली तर ती अर्धवट येते, आणि एरर काही येत नाही. रांग रिकामी झाली का, हे बघायची कमांड स्टेटस पानावर आहे.’ हे लिहायला त्याला फार तर पाच मिनिटं लागली असतील. पण ‘एरर काही येत नाही’ या चार शब्दांसाठी मी त्याची आजही ऋणी आहे. अर्धवट बॅकअप शांतपणे तयार होतो आणि तो अर्धवट आहे हे ज्या दिवशी कळतं तो दिवस नेमका रिस्टोअरचा असतो. हे मला कुठल्या स्पेसिफिकेशनमधून कळलं असतं? कोडमधूनही नाही. ते ज्याने एकदा भोगलंय त्याच्याकडेच असतं.

तेव्हा रिव्ह्यू करताना सगळं वाचू नका. खरंच, नका वाचू. तुमच्या भागाची पानं मी वेगळी काढून देते, आणि वर प्रश्न लिहून देते: या पायऱ्यांचा क्रम बरोबर आहे का, यातली कुठली पायरी फसू शकते, यात काय राहिलंय. तेवढ्याचीच उत्तरं द्या. आणि वेळ नसेल तर ‘वेळ नाही, अमक्याला विचार’ असं त्याच दिवशी कळवा. नकाराला माझी हरकत नाही, त्याने निदान वेळ वाचतो. गोची होते ती मौनाची. ‘ठीक वाटतंय’ हा तर मौनाचाच सभ्य प्रकार आहे, आणि तो अधिक वाईट, कारण त्यावर ‘रिव्ह्यू झाला’ असा शिक्का बसतो.

बोलण्यात झालेले बदल हा आणखी एक रोग. कुणीतरी कुणाच्या टेबलापाशी जातं, दोघांचं ठरतं की हे फील्ड आता सक्तीचं करायचं, कोड बदलतो, टेस्टरला सांगितलं जातं कारण त्याची टेस्ट फेल होते. मला कुणी सांगत नाही, कारण माझं पान फेल होत नाही. ते चुकीचं होऊन निमूट पडून राहतं. कोड मोडला की बिल्ड, म्हणजे कोडपासून तयार होणारा प्रोग्राम, लाल होतो. डॉक्युमेंट मोडलं की काहीच होत नाही, आणि माझ्या कामातली सगळ्यात मोठी अडचण हीच आहे. म्हणून तुम्ही सांगितल्याशिवाय मला कळायला मार्ग नाही.

आणि उलटंही होतं, कागद बरोबर असतो पण माणसं एकमेकांशी बोलत नाहीत. २३ सप्टेंबर १९९९ रोजी मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे नासाचं यान मंगळापाशी पोचताना हरवलं, ते यामुळेच. इंटरफेसच्या स्पेसिफिकेशनमध्ये स्वच्छ लिहिलेलं होतं की थ्रस्टरचा (यानाची दिशा सांभाळणाऱ्या छोट्या इंजिनाचा) आवेग न्यूटन-सेकंदात द्यायचा. जमिनीवरच्या सॉफ्टवेअरचा एक भाग तो पौंड-सेकंदात देत राहिला. दोन्हींत जवळपास साडेचार पटींचा फरक. यान ठरल्यापेक्षा खूप खालून गेलं. मार्ग मोजणाऱ्यांना आकडे जुळत नसल्याची शंका प्रवासातच आली होती, पण ती अनौपचारिक बोलण्यात आणि ईमेलमध्ये राहिली. अशा शंका नोंदवायची जी रीतसर पद्धत होती तिच्यात ती गेली नाही. नासाच्या चौकशी मंडळाने टीम-टीममधला अपुरा संवाद हे कारणांमध्ये नोंदवलं. हा दाखला मी मुद्दाम देते, कारण रायटर मंडळींमध्येही असा एक समज असतो की डॉक्युमेंट अचूक लिहिलं की आपलं काम संपलं. त्या स्पेसिफिकेशनमध्ये एकक बरोबरच लिहिलेलं होतं.

‘पण आम्ही अ‍ॅजाइल आहोत’ हा एक हुकमी बचाव. (अ‍ॅजाइल म्हणजे छोट्या छोट्या टप्प्यांत सॉफ्टवेअर बनवायची पद्धत.) २००१ साली १७ जणांनी मिळून जो जाहीरनामा लिहिला त्यात ‘सर्वसमावेशक डॉक्युमेंटेशनपेक्षा चालणारं सॉफ्टवेअर’ असं आहे खरं. पण ते दुसरं कलम. पहिलं कलम प्रक्रिया आणि टूल्सपेक्षा माणसं आणि त्यांचा आपसातला संवाद, असं आहे. मला दुसरं कलम ऐकवणारे माझ्या मेसेजला उत्तर न देऊन पहिलंच मोडतात! शिवाय चारही कलमांखाली तिथे स्पष्ट म्हटलंय की उजव्या बाजूच्या (म्हणजे डॉक्युमेंटेशनसारख्या) गोष्टींनाही मोल आहे, आम्ही डावीकडच्यांना (म्हणजे चालणाऱ्या सॉफ्टवेअरसारख्यांना) जास्त मोल देतो, एवढंच. आणि अ‍ॅजाइल पद्धतीत युझरसाठीचं डॉक्युमेंटेशन कसं तयार करायचं, यावर २०११ पासून आयएसओ, आयईसी आणि आयईईई यांचं मिळून एक आंतरराष्ट्रीय मानकच आहे, क्रमांक २६५१५. तेव्हा अ‍ॅजाइल आणि डॉक्युमेंटेशन यांचं वाकडं आहे, ही गोष्ट आपण आपल्या सोयीसाठी रचलेली आहे.

टेस्टर मंडळींशी माझं भांडण नाही, उलट तुम्ही नसता तर माझं काही खरं नव्हतं. सॉफ्टवेअरकडे बाहेरून बघणारे या खोलीत आपण दोघेच. तुमच्या टेस्ट केसमधली ‘अपेक्षित परिणाम’चा रकाना माझ्यासाठी सोन्यासारखा आहे. फक्त एक करा: माझ्या पायऱ्या जशा लिहिल्यात तशा, सवयीने मध्ये काहीही न भरता, नव्या मशीनवर एकदा चालवून बघा. तुमच्या मशीनवर आधीपासून बसलेल्या लायब्ररींमुळे माझी राहिलेली पायरी तुम्हाला कधीच जाणवणार नाही.

सपोर्टवाल्यांनो, लोक कुठे अडतात हे तुमच्याएवढं कुणालाच माहीत नसतं आणि ते माझ्यापर्यंत सगळ्यात शेवटी पोचतं. तुम्ही ग्राहकाला लिहिलेली उत्तरं वाचते तेव्हा पुष्कळदा ती माझ्या मॅन्युअलपेक्षा सरस असतात. ती टिकेट बंद झाल्यावर तिथेच गाडली जातात आणि पुढच्या ग्राहकासाठी तुम्ही तीच पुन्हा टाइप करता. तेच उत्तर परत द्यायची वेळ आली की टिकेटचा नंबर माझ्याकडे टाका. वेगळं काही लिहू नका.

माझ्याकडूनही काही अपेक्षा असणारच, आणि त्या रास्त आहेत. टिकेट न वाचता, बिल्ड न चालवता, ‘हे फीचर काय आहे जरा सांग ना’ म्हणून दारात उभा राहणारा रायटर तुम्हाला नकोसा होतो, तो मलाही नकोसाच होईल. सांगितलेलं शब्दशः उतरवून घेण्याला मी टेक्निकल रायटिंग म्हणत नाही. मी येईन ती वापरून बघून, प्रश्न लिहून, आणि ज्याचं उत्तर कुठे तरी लिहिलेलं आहे ते तुम्हाला विचारणार नाही. पण त्यासाठी मला चालणारा बिल्ड लागतो, टेस्ट सर्व्हरवर अकाउंट लागतो, डिझाइनच्या चर्चेचं चॅनल दिसावं लागतं. ‘रायटरला कशाला अ‍ॅक्सेस?’ हा प्रश्न विचारणाऱ्याने नंतर ‘रायटर सतत प्रश्न विचारतो’ अशी तक्रार करू नये.

शेवटी वरिष्ठांशी. वरचं सगळं वाचून तुम्हाला वाटेल की टीमला एक ईमेल पाठवला की झालं: ‘सर्वांनी डॉक्युमेंटेशनला सहकार्य करावे.’ असे ईमेल पाठवले जातात, त्याने कुणाचंही काही बदलत नाही. डेव्हलपर स्वभावाने असहकारी नसतो. त्याच्या स्प्रिंटमध्ये, म्हणजे कामाच्या ठरावीक टप्प्यात, माझ्या प्रश्नांना शून्य तास धरलेले असतात, आणि त्याचं मूल्यमापन होताना त्याने कुणाच्या किती प्रश्नांना उत्तरं दिली हे कुणी विचारत नाही. जो मन लावून रिव्ह्यू करतो त्याच्याकडे पुढच्या वेळी दुप्पट पानं जातात आणि त्याचं स्वतःचं काम मागे पडतं. म्हणजे सहकार्य करणाऱ्यालाच दंड. हे तुम्ही बदलू शकता, मी नाही.

युरोपीय महासंघाच्या यंत्रांविषयीच्या निर्देशात, २००६ सालच्या, यंत्रासोबत सूचनापुस्तिका असलीच पाहिजे असं कायद्यानेच सांगितलंय. वापराच्या सूचनांविषयीचं ८२०७९ हे आंतरराष्ट्रीय मानकही त्या सूचनांना उत्पादनाचाच भाग समजतं. सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांना हे पटायला वेळ लागतोय. काम ‘पूर्ण’ झालं असं कधी म्हणायचं याची तुमच्या टीमची यादी काढून बघा. कोड मर्ज, टेस्ट पास, डेमो झाला. त्यात डॉक्युमेंटचा रिव्ह्यू झाला असं लिहिलेलं आहे का? असेल तर तो न होता टिकेट बंद करता येतं का?

बंद करता येत असेल तर तेवढं थांबवा. प्रत्येक फीचरसाठी माझ्या प्रश्नांना उत्तर देणारा एक माणूस नावानिशी ठरवा, आणि त्याच्या वेळेत ते काम दाखवा. मजकूर गोठवायची, म्हणजे त्यात पुढे बदल न करण्याची, तारीख कोड गोठवायच्या तारखेनंतर ठेवा, त्याच दिवशी नको. बटणावरचा शब्द शेवटच्या दिवशी बदलला की तो मला प्रत्येक पानावर, प्रत्येक स्क्रीनशॉटमध्ये आणि जितक्या भाषांत भाषांतर होतं तितक्या ठिकाणी बदलावा लागतो. आणि पुढच्या रिलीजच्या नियोजनाची बैठक ठरली की आमंत्रणात माझं नाव घाला. बोलायचं नसेल तर मी गप्प बसून ऐकेन, पण तिथे जे ठरतं ते मला तिथेच कळू द्या.

आपली,
एक टेक्निकल रायटर

ता. क. टाइमआउटच्या शून्याचं उत्तर अजून कुणाकडून आलेलं नाही. ज्याच्याकडे ते टिकेट आहे त्याने कृपया कळवावं.